हलक्या हेलिकॉप्टरची आनंदफेरी: अपघात नेमका कुठे ठरतो?

सह्यवारा
लग्नसराई जवळ आली की पुण्याच्या आजूबाजूला हेलिकॉप्टरच्या चौकश्या सुरू होतात. नवरदेवाला मंडपात उतरवायचं, वरून फुलं टाकायची, पाठवणी करायची, नाहीतर साठीशांतीनिमित्त आईवडिलांना सिंहगड-खडकवासला वरून दाखवायचं. यात बऱ्याचदा एक इंजिन आणि चार आसनं असलेलं हलकं यंत्र येतं. त्यात काय बिघडतं आणि का बिघडतं, हे नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी भर घाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. ११ डिसेंबर २०१६ ला जुहूहून आनंदफेरीला निघालेलं रॉबिन्सन आर-४४, म्हणजे असंच एक इंजिन आणि चार आसनांचं यंत्र, आरे कॉलनीत कोसळलं. पायलट वाचला नाही. पुण्याच्या पश्चिमेला २०२४ मध्ये सहा आठवड्यांच्या आत दोन अपघात झाले. २४ ऑगस्टला पौडजवळ खराब हवेत एक पडलं, त्यातले चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला बावधनला सकाळच्या धुक्यात दुसरं पडलं, त्यातले तिघेही गेले. या दोन्ही आनंदफेऱ्या नव्हत्या आणि यंत्रंही मोठी, दोन इंजिनांची होती. पण डोंगर तेच, हवा तीच.

आनंदफेरीचा धोका वेगळ्या जागी असतो. प्रवासाला निघालेला माणूस उद्या जाऊ म्हणू शकतो. मुहूर्ताला आलेला नवरदेव तसं म्हणू शकत नाही, आणि खाली हजार माणसं मोबाईल वर करून उभी असताना पायलटलाही ते म्हणणं जड जातं. वजन, वेळ आणि हवा या तिन्हींतली सवलत जमिनीवरच दिली जाते. वर गेल्यावर फक्त तिचा हिशेब होतो.

पेठकर
चांगला विषय. आमच्याकडे डिसेंबरात कार्य आहे, पिरंगुटच्या पुढे एका शेतावर. आर-४४ सांगितलंय. नवरदेव ९२ किलो, त्याचे वडील १०४, मामा ८८. हेलिकॉप्टर ठरवून देणाऱ्याने फोनवर "चार सीट आहेत, चार माणसं बसतात" एवढंच सांगितलं. हे पुरेसं आहे का?

सह्यवारा
पेठकर, नाही. चार सीट म्हणजे चार माणसं आणि पूर्ण टाकी, असं कधीच धरू नका. हिशेब करूनच बघू.

आर-४४ च्या रेव्हन-२ या प्रकाराचं कमाल वजन ११३४ किलो. रिकामं यंत्र साधारण ६९० किलो धरू, नेमका आकडा त्या यंत्राच्या वजनपत्रकात असतो. तुमचे तिघे २८४ किलो, पायलट ७८ धरला तर ३६२. बेरीज १०५२. उरले ८२ किलो. पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे जास्तीत जास्त ११४ लिटर. दोन्ही टाक्यांत मिळून १७६ लिटर मावतं. तासाला साधारण ५५-६० लिटर जळतं. तेव्हा पुणे ते पिरंगुट यायला-जायला आणि राखीव ठेवायला पुरतं, पण "टाकी फुल करून ठेवा, दिवसभर वापरू" हे चालणार नाही. यंत्र रेव्हन-१ हा दुसरा प्रकार असेल तर मर्यादाच १०८९ किलो आहे, तिथे आणखी ४५ किलो कमी झाले.

दुसरी गोष्ट आसनाची. प्रत्येक आसनावर माणूस आणि त्याच आसनाखालच्या खणातलं सामान मिळून १३६ किलोची मर्यादा, त्यातही खणात २३ किलोच्या आत. शेरवानी, दागिन्यांची पेटी, आहेराची बॅग हे सगळं वजनात येतं. माणसं कपड्यांसकट काट्यावर उभी करा, फोनवर सांगितलेलं वजन घेऊ नका. लोक नेहमी कमीच सांगतात.

आणि कोण कुठे बसतो हेही ठरलेलं असलं पाहिजे. पायलट उजवीकडे पुढे. त्याच्या शेजारी १०४ किलो बसवले तर गुरुत्वमध्य पुढे येतो. आर-४४ ची मुख्य टाकी मास्टच्या, म्हणजे पंख्याच्या उभ्या दांड्याच्या, थोडी मागे आहे, त्यामुळे पेट्रोल जळत जातं तसा गुरुत्वमध्य आणखी पुढे सरकतो. निघताना मर्यादेत असलेलं यंत्र उतरताना मर्यादेबाहेर जाऊ शकतं. मग नाक वर धरायला सायक्लिक, म्हणजे यंत्र पुढे-मागे-बाजूला कलवणारी पायलटसमोरची दांडी, मागे ओढावी लागते आणि ऐन उतरताना तिला मागे जायला जागाच उरत नाही. म्हणून हिशेब दोनदा करायचा, निघतानाचा आणि उतरतानाचा. तुमच्या बाबतीत मामांना पुढे आणि वडिलांना मागे बसवणं बरं पडेल, पण अंतिम शब्द त्या यंत्राच्या तक्त्याचा.

ढगफुटी
वजनाच्या हिशेबात हवेची घनता जोडतो, कारण कमाल वजन हा आकडा सगळीकडे सारखा उपयोगी नसतो.

लोहगाव विमानतळाची उंची १९४२ फूट. तिथे प्रमाण हवेत ११ अंश तापमान असायला हवं. प्रत्यक्षात ते जितकं जास्त, तितके अंश गुणिले साधारण १२० फूट, एवढी उंची वाढली असं यंत्राला वाटतं. डिसेंबरच्या दुपारी ३० अंश असेल तर यंत्र ४२०० फुटांवर असल्यासारखं वागतं. एप्रिलमध्ये ४० अंशांना ५४०० फूट. महाबळेश्वर ४४०० फुटांच्या पुढे आहे, तिथे ३० अंशांना ७३०० फूट. इंजिनाला हवा विरळ, पंख्याला हवा विरळ, शेपटीच्या पंख्यालाही विरळ.

मॅन्युअलमध्ये हॉव्हरचे, म्हणजे हवेत एका जागी थांबण्याचे, दोन तक्ते असतात, जमिनीलगतचा आणि जमिनीपासून दूरचा. जमिनीपासून साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत हवेची गादी मिळते. आर-४४ चा व्यास १० मीटर. मंडपाच्या वर, झाडांच्या वर, विहिरीच्या काठावर ती गादी नसते. शेतात व्यवस्थित उचललेलं यंत्र झाडांच्या रांगेवर गेल्यावर बसायला लागतं ते यामुळे. म्हणून दुसरा तक्ता बघायचा.

गिअरबॉक्स
यंत्राच्या बाजूने लिहितो. आर-४४ चं पिस्टन इंजिन आडवं मागे असतं आणि त्याची ताकद चार दुहेरी व्ही-बेल्टांमधून वर जाते. सुरू केल्यावर क्लचची छोटी मोटर वरची पुली उचलून बेल्ट ताणते, तेव्हा क्लचचा दिवा लागतो. उडताना तो मधूनच क्षणभर लागून विझला तर बेल्ट गरम होऊन सैल झाले होते आणि मोटरने ताणून घेतले, इतकाच अर्थ. दिवा दहा सेकंदांपेक्षा जास्त राहिला किंवा लुकलुकत राहिला तर क्लचचा ब्रेकर ओढायचा, पॉवर कमी करायची आणि जवळची जागा बघून लगेच उतरायचं. "मंडप दिसतोय, तिथेच उतरू" हे त्यात बसत नाही.

बेअरिंगजवळ नखाएवढ्या चौकटींची चिकटपट्टी असते. ठरावीक तापमान ओलांडलं की ती चौकट पांढऱ्याची काळी होते आणि परत पांढरी होत नाही. काल तीन काळ्या होत्या आणि आज चार, तर रात्रीतून काहीतरी बदललंय. हे बघायला टॉर्च आणि अर्धा मिनिट लागतो. पण दिवसात आठ फेऱ्या लावल्या असतील तर नेमका तोच अर्धा मिनिट वगळला जातो.

टाकीच्या तळाचं पेट्रोल प्रत्येक दिवशी पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी भरल्यावर काचेच्या नळीत काढून बघायचं. पाणी खाली बसतं आणि सीमा स्पष्ट दिसते. शेतावर पिंपातून भरत असाल तर हे आणखीच महत्त्वाचं. १०० एलएल या प्रकारचं अ‍ॅव्हगॅस निळसर असतं. रंग उडालेला दिसला तर त्यात काहीतरी मिसळलंय.

ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, २२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते. कमी उडणारं यंत्र तासांनी तरुण आणि वर्षांनी म्हातारं असतं, म्हणून दोन्ही आकडे विचारा. जुन्या आर-४४ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या होत्या. एरवी माणसं वाचली असती अशा आपटीतही त्या फुटून आग लागायची. उत्पादकाने एसबी-७८ या पत्रकाने टाकीच्या आत रबरी पिशव्या, म्हणजे ब्लॅडर, बसवायला सांगितले. जुनं यंत्र येणार असेल तर "ब्लॅडर टाक्या आहेत का" हा प्रश्न नक्की विचारा.

कोथरूडकर
या सगळ्यापेक्षा सरळ दोन इंजिनांचं घेतलं तर प्रश्न मिटत नाही का? पैसे जास्त जातील, पण जिवापेक्षा मोठे नाहीत.

मुळशीकर
कोथरूडकर, एक इंजिन बंद पडण्याचा प्रश्न तेवढा सुटतो. बावधनचं दोन इंजिनांचं होतं. २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात कॅलाबसासला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले, तेही दोन इंजिनांचं सिकॉर्स्की होतं आणि चौकशीत इंजिनात काही सापडलं नाही. पायलट ढगात शिरला, वर चढतोय असं त्याने कंट्रोलरला सांगितलं आणि प्रत्यक्षात यंत्र डावीकडे वळत खाली येत होतं. दिशाभ्रम झाला. गिऱ्हाईक नेहमीचं होतं, त्याला पोचवायचंच हा दबाव पायलटने स्वतःवरच घेतला, असंही अमेरिकेच्या चौकशी मंडळाने नोंदवलं. वरती सह्यवारांनी लिहिलंय तेच हे.

इंग्लंडमध्ये लेस्टरला २०१८ मध्ये एडब्ल्यू-१६९ हेलिकॉप्टर मैदानातून वर उचलताना शेपटीच्या पंख्याचं बेअरिंग जाम झालं आणि पाच जण गेले. तिथेही इंजिनं दोन. तेव्हा आधी हवा, मग देखभाल, मग इंजिनांची संख्या, असा क्रम ठेवावा.

ढगफुटी
धुक्यावर सविस्तर, कारण तुमचं शेत नेमकं त्या पट्ट्यात येतं.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओली. मुळशीचं पाणी, मुळेचं खोरं, पाषाण-बावधनची सखल जागा, इथे थंड हवा साचते. लोहगावला ऊन असतं आणि चांदणी चौकाच्या पलीकडे काही दिसत नाही, हे रोजचं आहे. म्हणून नुसता लोहगावचा हवामान अहवाल बघून निघणं चूक. त्यात तापमान आणि दवबिंदू शेजारी लिहिलेले असतात. फरक दोन अंश किंवा कमी असेल तर खोऱ्यात धुकं धरून चाला. शेतावरच्या माणसाने फोन करून नेमकं काय दिसतंय ते सांगायचं. "थोडं धुकं आहे" हे उत्तर नाही. "दीड किलोमीटरवरचा टॉवर दिसतो, त्यामागची टेकडी दिसत नाही" हे उत्तर आहे. साडेनऊ-दहाच्या आत फेरी ठेवूच नका.

ढगात शिरल्यावर किती वेळ मिळतो? १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांवर हा प्रयोग झाला. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले आणि ती विमानं होती. हलकं हेलिकॉप्टर हात सोडले तर सरळ राहत नाही, त्यामुळे तेवढाही वेळ धरू नये.

आता कार्ब्युरेटरमधला बर्फ. पावसाळ्यात फेरी घेणाऱ्यांनी लक्ष द्या. बाहेर २४ अंश आणि दवबिंदू २२ असताना बर्फ कुठून येणार, असं वाटतं. पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना तापमान एकदम उतरतं आणि दमट हवेतलं पाणी थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीवर गोठतं. रेव्हन-१ आणि धाकट्या आर-२२ ला हा धोका आहे. रेव्हन-२ मध्ये इंजेक्शन असल्यामुळे नाही. फसवणूक अशी की गव्हर्नर आपोआप थ्रॉटल उघडून आरपीएम राखतो, त्यामुळे बर्फ साचतोय हे हाताला कळत नाही. कार्ब्युरेटरच्या तापमानाचा काटा पिवळ्या पट्ट्याबाहेर राहील एवढी उष्ण हवा सोडायची. उतरताना मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, १८ इंचांखाली गेलं की काट्यावर विश्वास न ठेवता कार्ब हीट, म्हणजे तीच उष्ण हवा, पूर्ण ओढायची.

सह्यवारा
इंजिन बंद पडलंच तर काय, हे इथेच लिहितो, कारण "बंद पडलं तरी ऑटोरोटेशनने, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत ठेवून, अलगद उतरतं" असं ठरवणारे सांगतात. खरं आहे, पण त्याला अटी आहेत.

आर-४४ चा पंखा हलका आहे. तो १०२ टक्क्यांवर फिरत असतो, ९७ ला भोंगा वाजतो. इंजिन गेलं की नाक डावीकडे झटकतं आणि पंख्याचा वेग उतरायला लागतो. कलेक्टिव्ह, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारी पायलटच्या डाव्या हाताची दांडी, सेकंद-दीड सेकंदात खाली गेलीच पाहिजे. त्या वेळी पायलट सिंहगडाचा दरवाजा दाखवायला मागे वळलेला असेल तर तो सेकंद गेला. पाती एकदा स्टॉल झाली, म्हणजे वेग पडून त्यांची उचल संपली, की परत फिरत नाहीत.

कलेक्टिव्ह वेळेत खाली गेली तरी तरंगण्याचं प्रमाण सर्वोत्तम स्थितीत ४.७ ला १ आहे. ५०० फुटांवर असाल तर वारा नसताना सातशे मीटर, आणि ते अंतर कापायला पंधराएक सेकंद. प्रत्यक्षात कमीच, कारण शेवटी पंख्याचा वेग परत वाढवून घ्यावा लागतो. खडकवासल्याच्या पाण्यावर ५०० फुटांवरून फोटो काढणं आणि ताम्हिणीच्या दरीवर झाडांलगत जाणं यात उतरायला जागाच नसते. १५०० फुटांवरून दिसतं तेवढंच छान, आणि आवाक्यात शेत असतं. खूप खाली आणि खूप हळू, या जोडीत ऑटोरोटेशन साधत नाही. मॅन्युअलमध्ये उंची-वेगाचा आलेख असतो, त्यातला काळा भाग टाळायचा.

आणि प्रवाशांनी कधीही "थोडं वरखाली करा" म्हणू नये. दोन पात्यांच्या, मध्ये खिळलेल्या पंख्यावर यंत्र लोंबकळत असतं. वर चढून सायक्लिक पुढे ढकलली की क्षणभर वजन हरवतं, पंख्याचं यंत्रावरचं नियंत्रण जातं आणि शेपटीच्या पंख्यामुळे यंत्र उजवीकडे लोळतं. हात साहजिक डावीकडे जातो. त्या क्षणी पंख्याचा हब मास्टवर आदळतो आणि मास्ट तुटू शकतो. बरोबर कृती म्हणजे आधी सायक्लिक हळूच मागे घेऊन वजन परत आणायचं, मग डावीकडे. घाटावरून पश्चिमेचा वारा जोरात असेल तर अलीकडच्या उताराला हाच प्रकार हवा स्वतः करते. तेव्हा वेग ६०-७० नॉटवर आणायचा किंवा जायचंच नाही.

मुळशीकर
तारांचं राहिलं. मुळशीतून मोठ्या दाबाच्या वाहिन्या जातात आणि त्या खोरं ओलांडताना टॉवर डोंगराच्या कडेला, झाडीत असतात. तार दिसत नाही, टॉवर दिसतो. एक टॉवर दिसला की दुसरा शोधायचा आणि ओलांडायची तर टॉवरच्या माथ्यावरून, मधल्या झोळातून नाही. सगळ्यात वर जी बारीक तार असते ती डोळ्याला दिसतच नाही. शेतावर तर साधी कृषिपंपाची लाइन, केबलवाल्याची तार आणि मंडपाच्या लायटिंगची माळ, या तिन्ही आदल्या दिवशी पायी फिरून बघा. माळ त्याच संध्याकाळी लावतात, हेही लक्षात ठेवा.

पेठकर
हे फार उपयोगी आहे. दोन गोष्टी विचारतो. मुहूर्त गोरज आहे. आणि पुष्पवृष्टीला दार काढून घेऊ का, असं ठरवणारा विचारतोय.

सह्यवारा
गोरज मुहूर्तावर उतरायचं नाही. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. हलकी हेलिकॉप्टरं नजरेच्या भरवशावर उडतात, त्यांनी सूर्यास्ताच्या आत उतरलेलं असावं. वरात अर्धा तास रेंगाळणार हे धरून नवरदेवाला चारला उतरवा आणि यंत्राला साडेचारला परत पाठवा. पाठवणी हेलिकॉप्टरने करायची असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी. तेजस्वी मावळतीकडे तोंड करून, धुळीत, दिव्यांच्या माळांमध्ये उतरणं ही सगळ्यात वाईट वेळ.

दार काढायचं नाही. न्यूयॉर्कला ११ मार्च २०१८ ला दारं काढलेल्या आनंदफेरीत पाच प्रवासी बुडाले. पुढच्या प्रवाशाच्या सुरक्षापट्ट्याचं मोकळं टोक जमिनीवरच्या इंधन बंद करायच्या दांड्याला अडकलं आणि इंजिन बंद झालं. पायलटने नदीत उतरवलं, फुगे नीट फुगले नाहीत, यंत्र उलटलं. प्रवाशांचे पट्टे पाठीमागे कड्यांनी अडकवलेले होते, ते त्यांना स्वतःला सोडवता आले नाहीत. पायलट नेहमीच्या पट्ट्यात होता, तो बाहेर आला.

फुलांचं म्हणाल, तर ओंजळ खाली पडत नाही, ती मागे जाते, आणि मागे शेपटीचा पंखा मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेत असतो. पाकळ्यांनी काही होत नाही. पण हार, दोरा, फुलांची पिशवी, ओढणी यांनी होतं. फुलं खालूनच, माणसांच्या हातून पडू द्या.

गिअरबॉक्स
भर घालतो. उतरायच्या जागेवर लाल गालिचा अंथरायची पद्धत पडली आहे. खिळे न मारलेला गालिचा वाऱ्याने उचलला जाऊन पंख्यात जातो. खिळे मारलेला असेल तर स्किड, म्हणजे यंत्राखालची उतरायची नळी, त्यात अडकते आणि उचलताना एक बाजू धरून राहते. यंत्र त्या स्किडवर कलायला लागलं की पाच ते आठ अंशांनंतर सायक्लिकने सावरत नाही. पायलटने त्याच क्षणी कलेक्टिव्ह खाली घ्यायची असते, पण हात वर जातो. चिखलात रुतलेल्या स्किडचंही तेच. गालिचा पंख्याच्या टप्प्याबाहेरून सुरू करा.

कलमवाचक
कागदपत्रांचं बोलतो, कारण अपघातानंतर घरच्यांना याच गोष्टी नडतात.

पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो. तुमच्यासाठी येणाऱ्या यंत्राचा व्हीटी क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, त्या परवान्यात नोंदलेला असला पाहिजे. खासगी नोंदणीचं यंत्र, "ओळखीत आहे, फक्त पेट्रोलचे द्या" असं म्हणून आलं तर ते भाड्याचंच उड्डाण झालं, फक्त बेकायदा. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे, तिथे नाव बघा. व्हीटी क्रमांक करारात लिहून घ्या आणि त्या दिवशी यंत्राच्या शेपटीवर तोच आहे का ते बघा. ऐन वेळी बदललं तर नवीन क्रमांकाचे कागद मागा.

बऱ्याच वैयक्तिक अपघात पॉलिसींत विमानप्रवास वगळलेला असतो, अपवाद फक्त परवानाधारक विमानात भाडं भरून बसलेल्या प्रवाशाचा. मित्राच्या यंत्रात फुकट बसलेला माणूस या अपवादात बसेलच असं नाही. पॉलिसीतली ती ओळ आधी वाचा. पैसे बँकेतून द्या, पावतीवर प्रवाशांची नावं घ्या.

शेतावर उतरायला जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस यांच्याकडे आधी अर्ज लागतो. लोहगाव हवाई दलाचं आहे, एनडीए खडकवासल्याला आहे, त्यामुळे मार्ग आणि उंची मनाप्रमाणे मिळत नाही. एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेतल्याशिवाय उड्डाण नाही. हे काम ऑपरेटरचं, पण झालं का हे तुम्ही विचारू शकता.

कोथरूडकर
आणि समजा डोळ्यासमोर अपघात झालाच, तर जमलेल्या माणसांनी काय करावं?

मुळशीकर
११२ आणि १०८ ला फोन, ठिकाण सांगताना गट नंबर नाही तर रस्त्याची खूण सांगा. कार्य ठरलेलं असेल तर गूगल नकाशावरचं ठिकाण आधीच तिघाचौघांच्या फोनमध्ये असू द्या.

पंखा फिरत असेल तोवर जवळ जायचं नाही. आडवं पडलेलं यंत्रही काही काळ पाती आपटत राहतं. थांबल्यावर पुढून, वाऱ्याच्या वरच्या अंगाने जायचं, शेपटीकडून कधीच नाही. उतारावर असेल तर खालच्या बाजूने, कारण वरच्या अंगाला पाती डोक्याच्या उंचीवर येतात. विडी-सिगारेट, मोटरसायकल, जनरेटर लांब. आर-४४ मध्ये पुढच्या दोन आसनांच्या मधोमध मागे इंधनाचा लाल दांडा आहे, तो बंद करा आणि बॅटरीचा स्विच बंद करा. आग लागलेली नसेल तर माणसाला ओढून काढू नका, मान धरून तिथेच ठेवा. आग लागली तर मग कशीही बाहेर काढा. कोरड्या रसायनाचे किंवा फोमचे अग्निशामक आधीच जागेवर हवेत, मोठे दोन तरी, आणि ते चालवता येणारी दोन माणसं ठरलेली हवीत. पेट्रोलवर पाण्याची बादली टाकायची नाही.

माणसं बाहेर निघाली की एकही तुकडा हलवू नका. लहान हेलिकॉप्टरला ब्लॅक बॉक्सची सक्ती नाही, त्यामुळे एएआयबीला, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी विभागाला, तुकड्यांच्या जागा आणि लोकांचे व्हिडिओ यावरच बरंच काम करावं लागतं. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, मूळ फाइल द्या. आवाजावरून पंख्याचे आरपीएम काढता येतात, दाबलेल्या फाइलमध्ये ते जातं.

पेठकर
सगळ्यांचे आभार. ठरवणाऱ्याकडून व्हीटी क्रमांक, ओव्हरहॉलची तारीख आणि वजनपत्रक मागितलं. चारची वेळ केली, पुष्पवृष्टी रद्द, गालिचा मागे घेतला. काटा पेठेतल्या दुकानातून आणणार आहे. आता धुळीचं काय करावं? शेत नांगरलेलं आहे. आणि आजी ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना एक चक्कर मारायची फार इच्छा आहे. गुडघे दुखतात, काठी लागते.

सह्यवारा
नांगरलेल्या शेतात नको. मे २०२४ मध्ये महाडला धुळीच्या लोटात उतरताना हेलिकॉप्टर कलंडलं होतं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. शेवटच्या वीस-तीस फुटांत पायलटला जमीनच दिसत नाही आणि यंत्र बाजूला सरकतंय हेही कळत नाही. गवताचं पडीक रान किंवा शाळेचं मैदान बघा, तीस मीटर बाय तीस मीटर मोकळं आणि एका दिशेने झाडं-तारा नसलेलं. जागा सपाट करून रोलर फिरवा. आदल्या संध्याकाळी एक टँकर आणि उतरायच्या अर्धा तास आधी दुसरा, चाळीस मीटरच्या घेरात. चिखल होईल इतकं नाही, बोटाने दाबल्यावर माती चिकटली पाहिजे पण पाणी वर येता कामा नये. मोकळ्या पिशव्या, पत्रे, प्लास्टिकच्या खुर्च्या शंभर मीटरच्या बाहेर. वाऱ्याची दिशा दिसायला एका उंच काठीला कापडाची लांब पट्टी बांधा, पंख्याच्या वाऱ्यात न येईल इतक्या लांब. ती दिसली की पायलट पाठीमागून वारा घेऊन येणार नाही. तसा आला आणि मंडप चुकू नये म्हणून हळू वेगात भराभर खाली उतरला, तर यंत्र स्वतःच ढकललेल्या हवेत बसतं, आणि कलेक्टिव्ह जितकी ओढावी तितकं ते जास्त खाली जातं.

आजींना जरूर न्या. पंखा पूर्ण थांबलेला असताना चढवा आणि उतरवा, इंजिन चालू ठेवून नाही. दाराशी एक बुटकं, न हलणारं स्टूल ठेवा आणि त्या बसल्या की लगेच ते काढून न्या. पायलटशेजारच्या आसनापुढची काढता येणारी सायक्लिक आणि पेडलं काढून घ्यायला सांगा. काठी पायांशी ठेवायची नाही, ती आडवी होऊन कंट्रोलमध्ये अडकते. ती आसनाखालच्या खणात मावली तर तिथे, नाहीतर खालीच राहू द्या. पदर पट्ट्याच्या आत घ्या, दाराच्या फटीत येऊ देऊ नका. दार लावल्यावर बाहेरून ओढून बघायचं काम पायलटचं किंवा त्याच्या माणसाचं. कानावर हेडसेट आधी बसवा, मग इंजिन सुरू करायचं. दहा मिनिटांची चक्कर, १५०० फूट, दुपारी बारानंतर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेने हवा हलायला लागते म्हणून त्यांची फेरी साडेदहाला ठेवा, धुकं पूर्ण गेलं असेल तर.